खोटी हाक

साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. जे झालं त्यानंतर तरी तो जायला हवा होता. पण तो गेला नाही, आणि गेला असं मी सांगणारही नाही.

मी बाळाजी निखाडे. वडील भंडाऱ्याहून इथल्या फॅक्टरीत लागले आणि मी रांझीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. पंचवीस वर्षं जबलपुरात लोकांच्या न्हाणीघरातले आणि कोठारातले साप पकडले. गेल्या आठ वर्षांपासून पकडणं सोडून शिकवायला लागलो. कालवे, गोदामं, विजेची सबस्टेशनं, जिथे गवत आणि उंदीर तिथे साप, आणि जिथे साप तिथे ठेकेदाराला आता ट्रेनिंगचा कागद लागतो. तो कागद मी देतो. तीन दिवसांचा वर्ग, शेवटच्या दिवशी परीक्षा, मग सही. माझ्या हाताखालून नऊशेच्या वर माणसं गेली आणि त्यांतलं एकही साप चावून मेलं नाही, हे वाक्य मी प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला म्हणत असे.

साप धरायला मी कोणालाच शिकवत नाही. ज्याला ती खाज असते त्याला पहिल्याच तासाला बाहेर काढतो. मी शिकवतो ते गाढवालाही कळेल इतकं साधं आहे. हात घालायच्या आधी काठी घाला. बूट काढू नका. पोतं उलटताना अंगावर नाही, पलीकडे उलटा. साप दिसला तर मागे व्हा. चावलाच तर कापाकापी करू नका, घट्ट बांधू नका, पळू नका, ओरडून सांगा आणि गाडीत बसा.

घोडं पेंड खायचं ते त्या ओरडण्यापाशी. दोन वर्षांपूर्वी एका गोदामात मीच शिकवलेल्या आनंद नावाच्या हमालाने 'साँप, साँप' म्हणून बोंब ठोकली. वर थप्पीवर चढलेली माणसं धडाधड उड्या मारायला लागली आणि एकाची कंबर मोडली. पोत्यामागून निघाला उंदीर. ते काम माझ्या हातून गेलं, आणि वर्षभर लोक मला 'चूहेवाले सर' म्हणून चिडवत होते. तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आला. पक्कं असेल तरच तोंड उघडायचं. खोटी हाक दिली तर शिक्षा.

गेल्या वर्षी जुलैत बरगीच्या कालव्याची साफसफाई एका ठेकेदाराने घेतली. सोळा माणसं, त्यांत अकरा बाया. ठेकेदाराचा सुपरवायझर चिराग, पंचविशीतला, सतत दात काढणारा. वर्ग भरायचा कालव्याच्या फाटकाजवळच्या रिकाम्या कोठीत. पहिल्या दिवशी हजेरी घेताना एक बाई माझं आडनाव ऐकून पुढे आली. चव्वेचाळीस-पंचेचाळीसची, अंगाने सुकलेली, केस घट्ट बांधलेले. अंजनी तिचं नाव.

"भाऊ, तुम्ही आपल्याकडचेच नं?" ती म्हणाली.

माहेर तुमसरचं, सासर रांझीचं, दोन बस बदलून येते, असं तिने सांगितलं. मला बरं वाटलं, नाही असं नाही. तेवढ्यात चिराग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "फिर तो दीदी पास हो गईं." सगळे हसले.

आम्हा जबलपूरच्या मराठी लोकांची एक खोड आहे. आपलं माणूस भेटलं तर घरी नेऊन ताटभर जेवू घालू, पण चारचौघांत त्यालाच आधी रगडू. आपल्या माणसाची बाजू घेतली, असं कोणी म्हणता कामा नये. माझ्या वडिलांनी सख्ख्या मेहुण्याला फॅक्टरीच्या वर्कशॉपबाहेर उन्हात उभं केलं होतं आणि रात्री घरी त्यालाच आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढल्या होत्या. तेच रक्त. मी अंजनीला हिंदीत म्हटलं की इथे कोणी भाऊ नाही, सर म्हणायचं. ती मान हलवून मागच्या रांगेत जाऊन बसली.

दुपारी सराव होता. काड्याकाटक्यांच्या ढिगात मी जाळीच्या पिशवीत बांधलेली धामण ठेवतो. बिनविषारी, पण हलली की अंगावर काटा येतो. एकेकाने काठीने ढीग उकलायचा. अंजनीची पाळी आली आणि ढीग अर्धा झाला नाही तोच ती किंचाळली, "चावला, चावला."

धामण पिशवीत आहे हे मला माहीत होतं. पण रानातला ढीग म्हणजे आत दुसरं काय आहे ते कोण सांगणार? धावत गेलो, तिला बसवलं, चिरागला गाडी चालू करायला लावली, तिचा हातमोजा उतरवला. बोटाच्या पेराएवढा बाभळीचा काटा मोज्यातून आत गेला होता.

सगळ्यात आधी कोण हसलं कोण जाणे. मी हसलो नाही. मला इतकं हायसं वाटलं की त्याचा रागच आला. थप्पीवरून पडलेला तो माणूस डोळ्यांपुढे आला, चूहेवाले सर आठवलं, चिरागचे दात दिसले. मी शिक्षा सांगितली. तिन्ही दिवस, प्रत्येक चहाला आणि जेवणाला, सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, 'मुझे साँप ने नहीं, काँटे ने काटा था.'

पहिल्यांदा म्हणताना ती स्वतःही हसली. संध्याकाळपर्यंत सगळे तिला काँटा दीदी म्हणायला लागले. मी ते थांबवू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी हजेरीत मीच तिला त्या नावाने पुकारलं. हशा मोठा झाला, वर्गाला रंग चढला, लोक मन लावून ऐकायला लागले. एकावर हसायला मिळालं की बाकीचे पंधरा माझ्या मुठीत येतात, हे मास्तरकीतलं गुपित कोणी मास्तर सांगत नाही. दुपारच्या जेवणाला तिचा आवाज खोल गेला, तर मी म्हटलं, पीछे तक नहीं आया. तिने पुन्हा म्हटलं. मला मजा आली, खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी मी मोटरसायकलला किक मारत होतो तेव्हा ती जवळ आली. मराठीत बोलली, पण आता भाऊ नाही.

"सर, हे बंद करा नं. माझी पोरगी कालेजात शिकून राहिली, हे लोकं तिच्यापर्यंत नाव पोहोचवतील. घरवाल्याचं काम सुटून दोन वर्षं झाली. मला पास व्हायचं आहे."

मी तिला हिंदीतच सांगितलं की पास होणं तिच्याच तोंडात आहे. उद्या परीक्षेत आणखी एक खोटी हाक आली, तर सही विसरायची. ती बरं म्हणाली. मग बसच्या थांब्याकडे गेली. माझ्या मोटरसायकलची मागची सीट रिकामी होती, आणि मीही रांझीलाच चाललो होतो.

परीक्षा सकाळी साडेआठला सुरू झाली. कालव्याकाठी एक बंद पडलेली पंपाची खोली आहे. आत सिमेंटची जुनी, रिकामी पोती, ओल धरलेली. प्रत्येकाने आपल्या वाट्याची सहा पोती उलटायची, मी दारात वही घेऊन गुण देणार. अंजनीचा नंबर सव्वानऊला आला. मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो. चार पोती तिने अगदी माझ्या शिकवणीबरहुकूम उलटली, आधी काठी, मग पलीकडे. पाचवं जमिनीला चिकटलं होतं. काठीने निघेना. तिने काठी भिंतीला टेकवली आणि हाताने ओढलं. मी वहीत दोन गुण कापले.

तिने हात झटकन मागे घेतला. मोज्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"क्या हुआ काँटा दीदी, फिर काँटा?" मी म्हटलं.

बाहेर रांगेत उभे असलेले सगळे हसले. तीही हसली. "कुछ नहीं सर," म्हणाली आणि सहावं पोतं काठीने उलटलं. पाचवं पोतं मी जाऊन पाहिलं नाही. दहा पावलं होती.

साडेदहाच्या चहाला तिने उभं राहून आपलं वाक्य म्हटलं. आवाज ठीक होता. बाराला तोंडी परीक्षा. मी चिठ्ठ्या करून ठेवतो, ज्याला जी येईल ती. अंजनीला चिठ्ठी आली ती मण्यारची, इकडे तिला करैत म्हणतात. चावल्यावर काय होतं ते सांगायचं होतं. तिने सगळं सांगितलं. दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूण दिसेल न दिसेल, म्हणून माणूस गाफील राहतो. मग पोटात कळ येते. इथे ती थांबली, पोटावर हात ठेवून. मला वाटलं पुढचं आठवत नाहीये, म्हणून मी पेन आपटलं. मग ती बोलली, पापण्या जड होतात, घशाखाली काही उतरत नाही, शेवटी श्वास. मी दहापैकी दहा दिले. असं उत्तर त्या वर्गात दुसऱ्या कोणी दिलं नव्हतं.

उत्तर द्यायच्या आधी तिला शंका होती की नाही, मला माहीत नाही. देता देता मात्र स्वतःचे शब्द तिच्या कानांवर पडलेच असतील. तरी ती गप्प राहिली. जेवण झालं की निकाल लागणार होता.

एक वाजता डबे उघडले. मी तिच्याकडे बोट केलं. ती उठली, भिंतीला धरून. 'मुझे साँप ने नहीं' एवढं म्हणाली आणि पुढचे शब्द जाड झाले, तोंडात लाडू असल्यासारखे. डोळे अर्धे मिटलेले. समोरचं दिसावं म्हणून तिने मान मागे टाकली होती आणि कपाळाला आठ्या घालून पापण्या वर ओढत होती. आठ वर्षं मी हेच चित्र भिंतीवर लावून दाखवत आलो आहे. हीच मान, ह्याच आठ्या.

"रात को सोई नहीं क्या," मी म्हटलं, "आँखें खोलकर बोलिए."

पुन्हा हशा झाला. ती बसली. मी माझ्या भाजीपोळीचे आणखी चार घास खाल्ले. मग तिच्या शेजारची गीतांजली उभी राहिली आणि म्हणाली की दीदीला पाणी गिळता येत नाहीये, नाकातून येतंय.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिचा उजवा हात ओढला. अंगठ्याच्या मुळाशी टाचणीने टोचल्यासारखे दोन ठिपके होते. पंपाच्या खोलीत पाचव्या पोत्याखाली मण्यार होती, काळी, अंगावर पांढरे पट्टे, दिवसाच्या झोपेत वेटोळं करून पडलेली. चिरागने नंतर ती पाहिली.

"कधी?" मी विचारलं. तिच्याशी मराठीत बोलण्याची ती माझी पहिली वेळ.

"सकाळी. त्या पाचव्या चुंगडीत." प्रत्येक शब्दाला तिला जोर लावावा लागत होता. "पक्कं नव्हतं नं, सर. पक्कं होऊ द्यावं म्हटलं."

चिरागच्या जीपमध्ये मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बसलो. शहराकडचा तो रस्ता मला कधी एवढा लांब वाटला नव्हता. अर्ध्या वाटेत तिची छाती हलायची थांबली. तोंडाने श्वास द्यायला मी सगळ्यांना शिकवतो, रबरी बाहुलीवर. हेलकावणाऱ्या गाडीत माझं तोंड तिच्या तोंडावर नीट टेकेना. दिला तेवढा दिला. सगळ्यात भयंकर म्हणजे, ह्या विषात माणूस शेवटपर्यंत ऐकत असतो. हेही मीच शिकवतो. म्हणून मी तिच्या कानाशी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मला एकही शब्द सुचला नाही.

दवाखान्यात त्यांनी नळी घातली, इंजेक्शनं दिली, तासभर झटले. डॉक्टरांनी विचारलं, चावून किती वेळ झाला. मी म्हटलं, सव्वानऊला. त्यांनी घड्याळ पाहिलं, पावणेतीन झाले होते. मग त्यांनी नळी काढायला सांगितली.

पंधरा दिवसांनी सिविल लाइंसमध्ये ठेकेदाराच्या ऑफिसात चौकशी झाली. पंधराही जणांनी जबानी दिली की सरांनी उत्तम शिकवलं. चिरागने वही पुढे केली. मण्यार चावल्यावर काय होतं, दहापैकी दहा. जिला सगळं ठाऊक होतं तिनेच सांगितलं नाही, तर मास्तर काय करणार? काँटा दीदी हे नाव कोणाच्याही तोंडून निघालं नाही, कारण प्रत्येकाच्या तोंडाने ते घेतलेलं होतं. माझ्याही. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, फार हुशार बाई होती. अहवालात लिहिलं गेलं की कर्मचाऱ्याने घटना लपवली. पुढचे चार वर्ग माझ्याकडेच राहिले.

अंजनीच्या जागी तिच्या मुलीला घेतलं. दुर्वा, एकोणीस-वीस वर्षांची, कॉलेज सोडलेली. ऑक्टोबरच्या वर्गात ती पहिल्या रांगेत येऊन बसली. मराठी तिला समजते, बोलते मात्र हिंदीच. गीतांजलीने तिला सगळं सांगितलं होतं, हे तिच्या बघण्यावरूनच मला कळलं. तोवर मी नियम बदलला होता. जरा जरी शंका आली तरी ओरडायचं, कोणी हसायचं नाही, मी स्वतः येऊन पाहीन. हे मी सांगत होतो तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

दुपारच्या सरावात तिने हात वर केला. "सर, काट लिया."

मी धावलो, गुडघे टेकले, मोजा काढला, बोट न बोट पाहिलं. काही नव्हतं. ती म्हणाली, पता नहीं सर, लगा था. दहा मिनिटांनी पुन्हा. मग बूट काढायला लावला. त्या दिवशी चार वेळा, दुसऱ्या दिवशी सहा वेळा. दर वेळी मी तिच्या पायाशी बसायचो आणि ती वरून बघत राहायची. बाकीचे वैतागले. एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं की पोरगी मुद्दाम करते आहे. मला ते पहिल्याच वेळी कळलं होतं. मनात म्हटलं, घे सूड, पोरी, मी बसतो. आणि त्याच वेळी जुना राग नरड्यापर्यंत येत होता. मी तो गिळत होतो, आणि किती छान गिळतो आहे याचं मलाच कौतुक वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. तीच पंपाची खोली, आता नवी पोती, मी आदल्या संध्याकाळी एकेक झाडून ठेवलेली. आत काही नाही याची मला खात्री होती. दारात वही घेऊन मी उभा होतो. गुडघे सुजलेले, डोक्यावर ऊन. दुर्वाने तिसरं पोतं उलटलं, हात मागे घेतला आणि म्हणाली, "सर, काट लिया."

मी जागचा हललो नाही. ओरडलो नाही, टोमणाही मारला नाही. वहीत मान घातली आणि म्हटलं, "चलो, आगे का बोरा उठाओ."

बराच वेळ पोतं उचलल्याचा आवाज आला नाही, म्हणून मी वर पाहिलं. तिने मोजा उतरवला होता. हात दोन्ही बाजूंनी मला दाखवला, स्वच्छ होता. मग ती मराठीत बोलली, अडखळत, आईच्या घरातलं मराठी.

"काही नाही झालं. पण तुम्ही बघायला नाही आले."

मी तोंड उघडलं. सांगणार होतो की पोती मी स्वतः झाडली होती, अकरावी वेळ होती, कोणीही असता तरी थकला असता. ती ऐकायला थांबली नाही. रांगेतल्या लोकांनी तिला वाट दिली आणि ती कालव्याच्या काठाने फाटकाकडे गेली, तिथून बसच्या रस्त्याला लागली. रांगेत कोणी हसलं नाही, कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. अजून सहा जणांची परीक्षा राहिली होती. मी पुढचं नाव पुकारलं.